एकच धुरा, दोन कायदे

गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा किंवा देवरी तालुक्यातलं एखादं गाव डोळ्यांसमोर आणा. वर मालगुजारी तलाव, खाली धानाच्या बांध्या, आणि दोन शेतांच्या मध्ये एक धुरा. धुऱ्याच्या अलीकडे एका पोवाराची वडिलोपार्जित नऊ एकर, पलीकडे एका गोंडाची नऊ एकर. दोघांनाही दोन मुलगे आणि एक मुलगी. दोघांच्याही बायका आधीच गेलेल्या. आणि एकाच पावसाळ्यात, मृत्युपत्र न करता, दोघेही वारले असं धरा. तलाठी एकच, सातबाऱ्याचा नमुना एकच, तहसील एकच, दावा झाला तर न्यायाधीशही एकच. आता सांगा, कोणाच्या मुलीला किती जमीन?

पोवाराच्या घरचं उत्तर लगेच देता येतं: तीन एकर. गोंडाच्या घरचं उत्तर मात्र २०२५ च्या जुलै महिन्यापर्यंत कोणालाही छातीठोकपणे देता आलं नसतं. आजही चांगला वकील असेल तर तो उत्तर देण्याआधी चार प्रश्न विचारेल.

असं का, याचं कारण १९५५ आणि १९५६ सालच्या चार कायद्यांत दडलेलं आहे. हिंदू विवाह कायदा, हिंदू उत्तराधिकार कायदा, अज्ञानत्व व पालकत्वाचा कायदा, दत्तक व निर्वाहाचा कायदा. चारही कायद्यांच्या सुरुवातीलाच एक छोटं पोटकलम आहे. केंद्र सरकार अधिसूचना काढून वेगळं ठरवत नाही तोपर्यंत यातलं काहीही अनुसूचित जमातीच्या माणसांना लागू होणार नाही, एवढंच ते म्हणतं. गोंड अनुसूचित जमातीत मोडतात, पोवार मोडत नाहीत. एका वाक्यात देशातल्या कोट्यवधी माणसांचं लग्न, काडीमोड, वारसा आणि मुलांचं पालकत्व या कायद्यांच्या बाहेर राहिलं. २०११ च्या जनगणनेनुसार गोंदिया जिल्ह्याची लोकसंख्या सव्वातेरा लाखांच्या आसपास होती आणि त्यातले सुमारे सोळा टक्के लोक अनुसूचित जमातींचे होते. म्हणजे या एका जिल्ह्यात दोन लाखांहून जास्त माणसं त्या पोटकलमाच्या आत राहतात, आणि बहुतेकांना ते पोटकलम असल्याचा पत्ताही नसतो.

इथं एक गैरसमज हमखास होतो. आदिवासींसाठी वेगळा कायदा म्हणजे तो ‘अनुसूचित क्षेत्रा’चा कायदा असणार, असं वाटतं. शेजारच्या गडचिरोलीत अनुसूचित क्षेत्र आहे, त्या क्षेत्रातल्या पंचायतींचा पेसा कायदा आहे. गोंदिया जिल्हा मात्र महाराष्ट्राच्या अनुसूचित क्षेत्रांच्या यादीत नाही. तरीही वरचं पोटकलम इथं पूर्ण ताकदीनं लागू होतं, कारण ते नकाशा बघत नाही, माणूस बघतं. देवरीची गोंड मुलगी पुण्यात नोकरी करून फ्लॅट घेते तेव्हा तिचा वारसा कायदा तिच्यासोबत हिंजवडीला जातो.

कायद्यानं असं माणसाच्या पाठीमागे गावोगाव हिंडणं आपल्याकडे नवं नाही, आणि ते फक्त आदिवासींपुरतंही नाही. जुन्या हिंदू कायद्यात एक मोठा मौजेचा नियम होता: एखादं कुटुंब एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात गेलं, तर ते आपल्या मूळ प्रांताचा वारसा कायदा सोबत घेऊन गेलं असं न्यायालयं गृहीत धरत. नव्या मुलखाचा कायदा स्वीकारला हे सिद्ध होईपर्यंत जुनाच चालू. आता वैनगंगेच्या खोऱ्यातले पोवार आपली मुळं माळव्यात सांगतात. पश्चिमेकडून आलेली मराठी कुटुंबं मुंबई प्रांताचे शास्त्रार्थ मानत. अशा ठिकाणी दिवाणी दावा म्हणजे अर्धा इतिहासाचा तास व्हायचा. तुमचे पूर्वज कुठून आले, कधी आले, लग्नाला भटजी कुठला बोलावतात, हे सगळं पुराव्यात.

पोवाराच्या नऊ एकरांकडे परत येऊ, कारण तिथलं गणित बघण्यासारखं आहे. बाराव्या शतकाच्या सुमारास कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारात विज्ञानेश्वरानं याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. मुलगा जन्मतःच वडिलोपार्जित मिळकतीत हिस्सेदार होतो, हे तिचं सूत्र. १९५६ चा कायदा आला तेव्हा त्यानं हे सूत्र मोडलं नाही, त्याला ठिगळ लावलं. बाप वारला की आधी कागदावर वाटणी झाली असं मानायचं: बाप आणि दोन मुलगे, तिघांना तीन-तीन एकर. मग बापाच्या तीन एकरांचे तीन वाटे करायचे, एक-एक एकर. म्हणजे मुलांना चार-चार एकर आणि मुलीला एक. नऊ एकरांत एक एकर, आणि याला त्या काळी सुधारणा म्हणत. खरं तर होतीच ती सुधारणा, कारण त्याआधी मुलगे असताना मुलीच्या वाट्याला साडीचोळीच यायची.

महाराष्ट्रानं केंद्राच्या अकरा वर्षं आधी पाऊल टाकलं. २२ जून १९९४ पासून मुलगीही जन्मतः हिस्सेदार, म्हणजे सहदायाद झाली, पण त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुली वगळून. एकाच घरात जूनच्या आधी उजवलेली मोठी बहीण बाहेर आणि दिवाळीनंतर उजवलेली धाकटी आत, असा प्रकार त्यामुळे घडला. ९ सप्टेंबर २००५ ला केंद्रानं सगळ्याच मुलींना आत घेतलं. त्यानंतरची पंधरा वर्षं न्यायालयांत एकच वाद घुमत राहिला: त्या दिवशी बाप जिवंत असायला हवा होता का? ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठानं सांगितलं, गरज नाही, हक्क जन्मानं मिळतो. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटणी झाली असेल तर ती मात्र उकरायची नाही. अशा रीतीनं तीन-तीन-तीन एकर व्हायला विज्ञानेश्वरापासून नऊशे वर्षं लागली.

त्यानंतर तहसीलच्या ठिकाणी मुद्रांकाच्या कागदावर हक्कसोडपत्र होतं आणि मुलीचे तीन एकर पुन्हा भावांकडे जातात, ही गोष्ट वेगळी. सही करणारी बाई मूर्ख नसते. तिच्या हिशोबात तीन एकर एका पारड्यात असतात आणि माहेरचं दार दुसऱ्या. कायदा पहिल्या पारड्यात वजन टाकू शकतो, दुसऱ्यातलं वजन त्याला काढता येत नाही.

या सगळ्या कायद्यांचा उगम ज्या हिंदू संहिता विधेयकात, ते संसदेत मांडणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ते रखडलं म्हणून १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. आणि १९५४ मध्ये लोकसभेची पोटनिवडणूक ते हरले ती भंडाऱ्यातून. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडाऱ्यातच होता. तो वेगळा झाला १ मे १९९९ ला. पराभवानंतर सुमारे वर्षभरानं त्या संहितेचा पहिला तुकडा, हिंदू विवाह कायदा, संसदेत मंजूर झाला.

आता धुऱ्याच्या पलीकडे. तिथं संसदेचे हे चार कायदे नाहीत. मग काय आहे? उत्तर शोधायचं तर सालेकसा तालुक्यात दरेकसाजवळच्या कचारगडला जावं लागतं. दर माघ पौर्णिमेला महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण असे चहूकडून गोंड लोक इथल्या गुहेला येतात. कथेची अनेक रूपं आहेत. गाभा असा: काली कंकालीची तेहतीस मुलं, कोणाला न जुमानणारी. त्यांना रायताड जंगोनं आपल्याकडे ठेवून घेतलं. पुढे मुलं गुहेत कोंडली गेली, तोंडावर प्रचंड शिळा. हिरासुका पाटालीर या वादकानं वाद्य वाजवून त्यांच्या अंगात बळ आणलं, शिळा सरकली आणि तिच्याखाली तो स्वतः गेला. पारी कुपार लिंगोनं मुलांना शिष्य केलं, शिकवलं, आणि त्यांच्यात सगे पाडले: कोणाचे किती देव, कोणी कोणाशी सोयरीक करायची. मोतीरावण कंगाली यांनी आयुष्याचा मोठा भाग या परंपरेच्या अभ्यासात घालवला.

मला यात थक्क करतं ते हे, की एका संपूर्ण समाजाचा विवाह कायदा जिथं सुरू झाला असं तो समाज मानतो ती जागा दाखवता येते, आणि ती या जिल्ह्यात आहे. याज्ञवल्क्यानं स्मृती कुठं बसून सांगितली, हे असं बोट ठेवून कोणाला सांगता येणार?

सोयरीक जुळवताना गोंडांत देव विचारतात. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे. सात देव मानणाऱ्यांचं लग्न सात देववाल्यांत होत नाही, कारण ते भाऊबंद. उलट आत्या-मामाच्या मुलांचं लग्न चांगलं मानलं जातं. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर चार खंड काढले, त्यात याचं नाव नोंदलंय: ‘दूध लौटाना’. एका घरानं मुलगी दिली, पुढच्या पिढीत दूध परत आलं. त्यांनीच लमसेना नोंदलाय. वधूमूल्य देण्याची ऐपत नसलेला मुलगा सासऱ्याकडे काही वर्षं शेतात राबतो आणि मग लग्न होतं.

यावर शहरी वाचक नाक मुरडेल, म्हणून एक आठवण करून देतो. हिंदू विवाह कायद्यातही सपिंडांचं लग्न निषिद्ध आहे, आईकडून तीन पिढ्या आणि बापाकडून पाच. त्याला एक सवलत जोडलेली आहे: रूढी परवानगी देत असेल तर चालेल. मामाच्या मुलीशी लग्न झालेली महाराष्ट्रातली हजारो जोडपी या सवलतीच्या आधारावरच उभी आहेत. सप्तपदीसुद्धा सक्तीची नाही. दोघांपैकी एकाच्या रूढीप्रमाणे विधी झाले की पुरे. आणि काडीमोड? कलम २९ म्हणतं, रूढीनं मिळणारा घटस्फोटाचा हक्क या कायद्यानं बाधित होत नाही. ज्या समाजांत पंचांसमोर सोडचिठ्ठी आणि नंतर पाट लावण्याची चाल होती, त्यांना कोर्टाची पायरी चढायला हवीच असं या कायद्यानं कधी म्हटलंच नाही. चाल सिद्ध करायची मात्र तयारी हवी. म्हणजे धुऱ्याच्या अलीकडच्या ‘आधुनिक’ कायद्यातही रूढी ठिकठिकाणी झिरपलेली आहे.

पलीकडे सगळी भिस्तच रूढीवर. त्याचे परिणाम कधी कडू असतात. संथाळ समाजातल्या एका नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाविरुद्ध त्याच्या आदिवासी पत्नीनं फिर्याद केली होती. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिला सांगितलं की हिंदू विवाह कायदा तुम्हाला लागू नाही, तेव्हा दुसरं लग्न तुमच्या रूढीनं रद्दबातल ठरतं हे तुम्हीच दाखवा, नाहीतर गुन्हा होत नाही. तिला ते दाखवता आलं नाही. अर्थात कायद्याचं सगळंच छप्पर उडत नाही. पोटगीची सर्वसाधारण तरतूद, २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा, २००६ चा बालविवाहाचा कायदा, हे जात-जमात न विचारता सगळ्यांना लागू आहेत. १९५४ चा विशेष विवाह कायदाही सगळ्यांना उघडा आहे.

जमिनीच्या वारशाबाबत मात्र एक चमत्कारिक पोकळी होती, आणि ती १५० वर्षांपूर्वीच्या एका कायद्यापर्यंत जाऊन पोचते.

नागपूरकर भोसल्यांचं राज्य १८५३-५४ मध्ये इंग्रजांनी खालसा केलं, १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, आणि १८७५ मध्ये त्या प्रांतासाठी ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस लॉज ॲक्ट’ आला. त्याचं पाचवं कलम वाचताना माणूस थबकतो. वारसा, स्त्रीधन, साखरपुडा, लग्न, मेहेर, दत्तक, पालकत्व, अज्ञानत्व, मृत्युपत्र, बक्षीस, वाटणी, अख्खा संसार एका वाक्यात. या बाबतींत मुसलमानांना मुसलमानी कायदा, हिंदूंना हिंदू कायदा, आणि एखाद्या समूहाची वेगळी रूढी असेल तर रूढी. मग सहावं कलम: जिथं पाचवं लागू होत नाही आणि दुसराही कायदा नाही, तिथं न्यायालयानं न्याय, समन्याय आणि सद्सद्विवेक यांना धरून वागावं.

हे तीन शब्द इंग्रजांच्या कारभारात १७८१ पासून हिंडत होते. त्या वर्षी बंगालच्या दिवाणी न्यायालयांच्या नियमांत ते आले, तिथून प्रांतोप्रांती गेले. मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या नियमातही ते शेवटच्या पायरीवर उभे आहेत. कायदा संपला की रूढी, रूढी संपली की प्रतिवादीचा धर्मकायदा, आणि तोही संपला की सद्सद्विवेक. इंग्रज न्यायाधीश या रिकाम्या जागेत बहुतेक वेळा गुपचूप इंग्लंडचा कायदा भरत. पण शब्द शब्दच राहिले, आणि शब्दांत पुढच्या पिढ्यांना हवं ते भरता येतं.

१९५६ मध्ये राज्यं बदलली. भंडारा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. प्रदेश हलला तरी तिथले जुने कायदे जागच्या जागी चालू राहतात, हा राज्यपुनर्रचनेचा नियम. त्यामुळे मुंबई-पुण्याला कधीही लागू नसलेला १८७५ चा तो कायदा गोंदियात चालतच राहिला. २०१८ मध्ये संसदेनं जुन्या कायद्यांची अडगळ काढली तेव्हा तोही निघाला. गोंदियात कोणाच्या गावीही नसेल.

आणि मग तो मेल्यावर जागा झाला. छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबात पाच भाऊ आणि एक बहीण होती. बहिणीच्या मुलांनी १९९२ मध्ये आजोबांच्या मिळकतीत आईचा हिस्सा मागितला, मामांकडच्यांनी नाही म्हटलं. तीन न्यायालयांत मुलं हरली. तिन्हींचं कारण एकच: हिंदू उत्तराधिकार कायदा तुम्हाला लागू नाही, आणि गोंडांत मुलीला वाटा मिळतो अशी रूढी तुम्ही सिद्ध केली नाही.

हे ऐकायला बिनतोड वाटतं. पण जरा थांबून बघा. मुलीला वाटा मिळतो ही रूढी सिद्ध झाली नाही, हे खरं. मिळत नाही ही रूढी तरी कोणी सिद्ध केली? कोणीच नाही. रूढी गप्प होती. त्या गप्पपणाचा अर्थ तीन न्यायालयांनी ‘नाही’ असा लावला, कारण तसा लावायची सवय होती.

१७ जुलै २०२५ ला न्या. संजय करोल आणि न्या. जॉयमाल्य बागची यांच्या पीठानं नेमकं इथंच बोट ठेवलं. मुलगी वगळलेली आहे असं आधीच धरून चालायचं आणि मग तिच्याकडून पुरावा मागायचा, ही पुरुषप्रधान समजूत आहे, कायदा नव्हे. वगळण्याची रूढी दाखवता येत नाही, वाटा देण्याचीही येत नाही. म्हणजे जागा रिकामी, आणि रिकाम्या जागेसाठीच तर १८७५ च्या कायद्यातले ते तीन शब्द आहेत. कायदा रद्द झाला तरी त्याआधी निर्माण झालेले हक्क वाचवणारं कलम होतंच. शिवाय संविधानाचं चौदावं कलम, समानतेचं. रूढीही काळात गोठून राहू शकत नाही, आणि तिच्या आडोशाला बसून दुसऱ्याचा हक्क मारता येत नाही, असं पीठानं म्हटलं. बहिणीच्या वारसांना भावांइतकाच हिस्सा मिळाला. मागणीनंतर जवळजवळ तेहतीस वर्षांनी.

कोणा साहेबानं भरतीचं वाक्य म्हणून घातलेले तीन शब्द. ते रद्द झाल्यावर सात वर्षांनी एका गोंड बाईच्या नातलगांना जमीन देऊन जातात, यासारखी गोष्ट कायद्याच्या पुस्तकात मी क्वचितच पाहिली.

पण याचा अर्थ सगळीकडच्या आदिवासी मुलींना आता हिंदू उत्तराधिकार कायदा लागू झाला, असा कोणी घेऊ नये. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात हिमाचल प्रदेशच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानंच तिथल्या उच्च न्यायालयाचा तसा आदेश काढून टाकला. संसदेनं जे वगळलं ते न्यायालय आत आणू शकत नाही, असं कारण दिलं. न्या. करोल या पीठावरही होते, त्यामुळे दोन निकाल एकमेकांच्या विरुद्ध समजणं चुकीचं. १९५६ च्या कायद्याचं दार बंद आहे. समानतेचं आणि सद्सद्विवेकाचं दार उघडं आहे, पण ते प्रत्येक कुटुंबाला आपापला दावा घेऊन स्वतः ठोठावावं लागतं. खरी किल्ली केंद्र सरकारकडे. एक अधिसूचना पुरे. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केंद्राला याचा विचार करायला सांगितलंही होतं. पण सोपं नाही ते. बाहेरून आलेला कायदा म्हणजे आधी मुलीचा हिस्सा आणि मग तिच्या मार्गानं जमिनीत बिगरआदिवासी, ही भीती जमातींमध्ये खरी आहे आणि तिला इतिहास आहे. महाराष्ट्रात आदिवासींची जमीन बिगरआदिवासींकडे जाऊ नये म्हणून जमीन महसूल संहितेत कलम ३६-अ उगाच आलेलं नाही. उत्तराखंडनं अलीकडे समान नागरी संहिता आणली, तिनंही अनुसूचित जमातींना बाहेरच ठेवलं.

गोंदियाच्या गोंडांच्या बाबतीत आणखी एक गाठ आहे. १९७६ पर्यंत विदर्भात अनुसूचित जमातींची यादी ठरावीक तालुक्यांपुरती होती. मेळघाट, गडचिरोली, सिरोंचा, केळापूर, वणी, यवतमाळ. इथला गोंड यादीत, पण भंडारा जिल्ह्यातला गोंड यादीत नाही! १९७६ च्या दुरुस्तीनं हे क्षेत्रबंधन उठवलं आणि ती जुलै १९७७ मध्ये अमलात आली. आता वारसा माणूस वारतो त्या दिवशी उघडतो, त्या दिवशीचा कायदा लागतो. मग १९६५ मध्ये वारलेल्या सालेकशाच्या गोंड शेतकऱ्याला पोटकलमाचं कवच होतं का? तो तेव्हा कायद्याच्या भाषेत अनुसूचित जमातीचा नव्हताच. त्याच्या मुलीच्या बाजूनं उभा राहणारा वकील इथून युक्तिवाद सुरू करू शकतो. समोरचा म्हणेल, यादीत नसला तरी तो हिंदू कायद्यानं बांधलेला नव्हताच, त्याची रूढी वेगळी होती. आणि दोघांनाही म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या साक्षी, जुने अधिकार अभिलेख, लग्नाचे विधी, देवांची संख्या, यांत शिरावं लागेल.

याच गावात, याच घरात, तिसराही एक कागद असू शकतो. वनहक्क कायदा, २००६. जंगलजमीन कसणाऱ्याला चार हेक्टरपर्यंत मिळणारा वैयक्तिक हक्काचा पट्टा विवाहितांच्या बाबतीत नवरा-बायको दोघांच्या नावानंच नोंदवायचा, असं कायदा म्हणतो. जमीन विकता येत नाही, वारशानं जाते. म्हणजे बापाकडून आलेल्या बांधीत मुलीला वाटा आहे की नाही यावर वर्षानुवर्षं वाद, आणि त्याच घरातल्या सुनेचं नाव जंगलाच्या पट्ट्यावर पहिल्या दिवसापासून. मराठी मुलखाच्या दुसऱ्या टोकाला, गोव्यात, पोर्तुगीजांच्या १८६७ च्या संहितेमुळे नवरा-बायकोची मिळकत सर्वसाधारणपणे सामाईक आणि निम्मी-निम्मी असते. त्या कल्पनेची सर्वांत जवळची बहीण मला सातबाऱ्यात सापडत नाही, या वनहक्काच्या पट्ट्यात सापडते.

मुलांचं तेवढं राहिलं. लग्न मोडलं की मूल कोणाकडे? इथं दोन्ही घरं पुन्हा एका कायद्याखाली येऊ शकतात: १८९० चा पालक व पाल्य कायदा. तो सगळ्यांना लागू. न्यायाधीशानं मुलाचं वय, लिंग, धर्म, पालकाची वागणूक, नात्याची जवळीक बघायची, आणि मूल समजत्या वयाचं असेल तर त्याचं मनही विचारायचं. हिंदू पालकत्वाच्या १९५६ च्या कायद्यात पाच वर्षांखालचं मूल सहसा आईजवळ असावं असं आहे. पण बाप नैसर्गिक पालक आणि ‘त्याच्यानंतर’ आई, असंही आहे. १७ फेब्रुवारी १९९९ ला सर्वोच्च न्यायालयानं या ‘नंतर’चा अर्थ ‘मृत्यूनंतर’ नसून ‘गैरहजेरीत’ असा लावला, म्हणजे बाप लक्षच देत नसेल तर आई आजच पालक. त्यानंतर अडीच महिन्यांनी गोंदिया जिल्हा झाला.

दावा कुठं लावायचा, हा गोंदियात वाटतो तितका कोरडा प्रश्न नाही. उत्तरेला बालाघाट, पूर्वेला छत्तीसगड. सोयरिकी तिन्ही राज्यांत पसरलेल्या. बायको लेकरू घेऊन माहेरी गेली की राज्य बदलतं. १८९० चा कायदा म्हणतो, मूल सर्वसाधारणपणे जिथं राहतं तिथलं न्यायालय. हिंदू विवाह कायद्यात २००३ पासून पत्नी आपण राहतो तिथं अर्ज करू शकते. नवऱ्याची अर्जी गोंदियात, बायकोची बालाघाटात, आणि मग दोन्ही एका ठिकाणी आणण्यासाठी तिसरा अर्ज थेट दिल्लीला, कारण दोन राज्यांतली प्रकरणं एकत्र करणं सर्वोच्च न्यायालयाच्या हाती.

धुऱ्यापलीकडच्या त्या मुलीला आज कोणी विचारलं तर तिनं काय करावं? सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लावण्याचा अर्ज तलाठ्याकडे द्यावा. फेरफारानं मालकी ठरत नाही, पण नाव नसेल तर जमीन विकली गेल्याचंही कळत नाही. भाऊ म्हणाले, आपल्यात मुलीला देत नाहीत, तर ते पंचांपुढे न सोडता लेखी घ्यावं. कारण जुलै २०२५ पासून पहिला प्रश्न तिला नाही, त्यांना विचारला जाणार आहे: देत नाहीत, ही रूढी कधीपासून, आणि पुरावा काय?